दहा बाय बाराच्या हॉलमध्ये गाणं नीट ऐकू येण्यासाठी

पत्र : आम्ही नागपूरच्या प्रतापनगरात दुसऱ्या मजल्यावर वन बीएचकेत राहतो. हॉल १० बाय १२ फुटांचा, स्लॅब साडेनऊ फुटांवर. १० फुटांच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, बाजूच्या खिडकीत कूलर. बाबा (वय ७३) शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकतात, मी गझल आणि जुनी हिंदी गाणी. ४५ हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. बर्डीवरचा दुकानदार सबवूफरवालं ५.१ होम थिएटर घ्या म्हणतो. मैत्रिणीने दुकानात छान वाजलेले स्पीकर घेतले, ते तिच्या घरी नुसते घुमतात. आमचंही तसंच झालं तर? खाली-वर शेजारी आहेत, त्यांचाही विचार करायचाय. आणि बाबांच्या जुन्या तबकड्या माळ्यावर पडल्या आहेत. त्या वाजवता येतील का?

उत्तर :

ताई, मैत्रिणीच्या घरी काय बिघडलं ते आधी पाहू. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी तिथेच आहेत. स्पीकर तेच होते, खोली बदलली. दुकानाचा हॉल मोठा, सामानाने भरलेला, एका बाजूने उघडा. घरची खोली लहान, चारही बाजूंनी विटा आणि वर-खाली काँक्रीट. अशा खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट लांबीची ध्वनिलहर त्या भिंतींमध्येच अडकून राहते आणि तो स्वर फुगतो.

तुमच्या हॉलचं गणित सोपं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, ३४३ ला त्याच्या दुपटीने भागलं की सेकंदाला ४७ कंपनं, म्हणजे ४७ हर्ट्‌झ येतात. १० फुटांचे येतात ५६, साडेनऊ फुटांच्या उंचीचे ५९. लांबी आणि रुंदी मिळून आणखी एक लहर ७३ च्या आसपास बसते. ५६ आणि ५९ इतके जवळ आहेत की ते जवळजवळ एकाच जागी ठोकतात. आता बाबांच्या आवडीकडे या. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्‌झच्या जवळ असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. ती तुमच्या खोलीच्या ७३ ला जवळजवळ चिकटून आहे. शिवाय प्रत्येक लहरीचा जोर ती ज्या भिंतींमध्ये अडकते त्यांच्यालगत सर्वांत जास्त असतो आणि तुमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे. काही न बदलता चांगले स्पीकर आणले तरी तुमच्या घरी खर्ज घुमणार आणि त्याखाली शब्द दबणार.

म्हणून ५.१ नको. तुम्ही जे ऐकता ते दोन चॅनलमध्ये किंवा त्याहून जुनं असेल तर मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, रेकॉर्ड झालेलं आहे. मागच्या दोन आणि मधल्या स्पीकरला त्यात मूळचं काही कामच नाही. सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर, नेमका ४० ते ६० हर्ट्‌झमध्ये जोर लावतो, तिथे तुमची खोली आधीच फुगलेली आहे. आणि ४५ हजार पाच स्पीकर आणि एका सबवूफरमध्ये वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला हलकंच सामान येतं. साउंडबार टीव्हीच्या बातम्यांना बरा, पण त्यातले स्पीकर जेमतेम तीन फुटांत कोंबलेले असल्यामुळे गायक, तबला आणि पेटी आपापल्या जागी बसलेले ऐकू येत नाहीत. तुम्ही दोन बुकशेल्फ (लहान पेटीचे) स्पीकर आणि एक साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्या.

खरेदीच्या आधी जागा ठरवा. स्पीकर टीव्हीच्याच, म्हणजे १० फुटांच्या भिंतीकडे ठेवा, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल. स्पीकरचं तोंड भिंतीपासून २ फूट पुढे. ऐकणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे; खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर ही जागा येते आणि तिथे ४७ हर्ट्‌झची लहर फुगलेलीही नसते, पूर्ण गायबही नसते. बरोबर मध्यावर, ६ फुटांवर बसलात तर तोच स्वर नाहीसा होतो, म्हणून मध्य टाळायचा. अशा मांडणीत स्पीकर आणि ऐकणारा यांच्यात साडेपाच फूट उरतात. दोन स्पीकरमध्येही साडेपाच फूट ठेवा, जवळजवळ समभुज त्रिकोण होईल. बाजूच्या भिंती दोन्हीकडे सव्वादोन फुटांवर राहतील. फरशी दोन बाय दोन फुटांची असेल तर फरश्यांच्या रेघांवरूनच मापं घेता येतील. टीव्हीची काच आवाज परत फेकते, त्यामुळे स्पीकरचं तोंड टीव्हीच्या पडद्यापेक्षा पुढेच हवं; २ फुटांवर ते आपोआप जमतं.

साडेचार फूट पुढे सोफा म्हणजे हॉलच्या मधोमध सोफा, हे रोजच्या घरात चालणार नाही हे खरं. दोन वाटा आहेत. एक, सोफा दीड फूट तरी पुढे घ्या. पाठीमागे पुस्तकांचं उघडं कपाट बसेल आणि पुस्तकांनी वरचा आवाज थोडा विखुरला जाईल. दुसरी, आम्हाला जास्त पटणारी : बाबांसाठी वेताची किंवा हलकी लाकडी खुर्ची ठेवा आणि ऐकायच्या वेळी ती साडेचार फुटांच्या खुणेवर ओढा. पाठ उंच नसावी, कानामागे उंच गादी आली की आवाज अडतो. खुर्चीच्या पायांच्या जागी फरशीवर टेपचे दोन तुकडे चिकटवले की रोज मोजावं लागत नाही.

आता पैसे. साधारण २२ हजार स्पीकरला, १३ ॲम्प्लिफायरला, साडेतीन स्टँडला, एक तारांना, साडेतीन पडदे आणि सतरंजीला, आणि दोन हजार इलेक्ट्रिशियनसाठी राखून ठेवा. पडदे आणि इलेक्ट्रिशियनचा खर्च लोक आधी कापतात. तो कापू नका.

स्पीकर सव्वापाच इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या गोलाचे) पुरेत. त्यांच्या कागदावर ‘५५ हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ’ असं काहीसं असेल. खर्जाची ६९ ची तार आणि तबल्याचा डग्गा त्यात आरामात बसतात. साडेसहा इंची जास्त खाली जातात, पण तुमच्या खोलीत तो फायदा घुमण्यातच जाईल. वूफरच्या कडेची लवचीक पट्टी रबराची आहे ना ते बोट लावून पाहा. फोमची पट्टी उष्णतेत आणि कूलरच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. हवेचं भोक, म्हणजे पोर्ट, पुढच्या बाजूला असेल तर उत्तम. मागे असेल तर पेटी आणि भिंत यांच्यात किमान एक फूट मोकळा ठेवा. तरीही घुमलं तर भोकात फोमचा किंवा जुन्या मोज्याचा बोळा सैलसर बसवा. दोन मिनिटांचं काम आहे, फरक लगेच कळतो.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या उसळीचे वॅट) लिहिलेला आकडा बघूसुद्धा नका. आरएमएस (सतत मिळणारे खरे वॅट) किती, किती ओहमला, आणि किती टक्के डिस्टॉर्शनला (आवाजाच्या मोडतोडीला), हे तिन्ही विचारा; १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले ५० वॅट कानाला फाटके लागतात. गरज किती लागते तेही पाहा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८६ डेसिबल असेल तर साडेपाच फुटांवर दोन्ही स्पीकरना एकेक वॅट दिला तरी ८४ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. घरात आरामात ऐकणं ७०-७५ ला होतं. तबल्याच्या थापेसाठी वर थोडी जागा हवी, ती धरून ८ ओहमला ३० ते ४० खरे वॅट भरपूर झाले.

लहान डिजिटल ॲम्प्लिफायर घेणार असाल तर सोबतचं अडॅप्टर तपासा. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे जेमतेम ९ वॅट मिळतात, त्याच ॲम्प्लिफायरला २४ व्होल्टवर ३६. खोक्यावर मोठा आकडा छापून आत १२ व्होल्टचं अडॅप्टर दिलेलं असतं. मागे हे जोड हवेत : टीव्हीसाठी ऑप्टिकल, फोनसाठी ब्लूटूथ, तबकड्यांसाठी आरसीएची (लाल-पांढऱ्या गोल पिनांची) एक मोकळी जोडी. ॲम्प्लिफायर आत असलेले स्पीकरही मिळतात आणि जागा वाचवतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतलं सर्किट गेलं की स्पीकरही बंद पडतो. वेगळं ठेवलं तर जे बिघडलं तेवढंच दुरुस्तीला जातं.

दुकानात ऐकायला बाबांना घेऊन जा आणि रोजच्या ऐकण्यातली तीन-चार रेकॉर्डिंग सोबत न्या, शक्यतो सीडीवरून घेतलेली. ब्लूटूथवर जुन्या पद्धतीच्या कोडेकमध्ये (आवाज आकसून पाठवण्याच्या पद्धतीत) तंबोऱ्याची वरची झणकार थोडी बोथट होते, त्यामुळे निवड करताना तार लावूनच ऐका. तारसप्तकात गेल्यावर आवाज टोचला तर तो स्पीकर नको, कितीही स्पष्ट वाटला तरी. तासाभराने डोकं दुखेल.

स्टँड विकत घेण्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. २ बाय २ इंचांचा लोखंडी चौकोनी पाइप, खाली १० बाय १० इंचांची ६ मिलिमीटर जाड प्लेट (ही एकटीच ३ किलोंची होते), वर स्पीकरच्या तळाएवढी पातळ प्लेट. उंची अशी काढा : बाबा खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून कानापर्यंतचं माप घ्या, त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरच्या (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या गोलाच्या) मध्यापर्यंतचं माप वजा करा. खुर्चीवर बहुधा २७-२८ इंचांचा स्टँड येतो, गादीवर मांडी घालून ऐकत असाल तर २१-२२ इंचांचा. पाइपात कन्हान नदीची वाळू चाळून, उन्हात पूर्ण वाळवून भरा, एकाला अडीच किलोच्या आसपास लागते. रिकामा पाइप वाजतो, भरलेला वाजत नाही. ओली वाळू भरली तर आतून गंज चढेल. वर स्पीकरखाली चार कोपऱ्यांना रबराचे पातळ तुकडे, खाली प्लेटला नमदा किंवा रबर. यामुळे स्लॅबमधून खालच्या घरात जाणारा थरकाप बराच कमी होतो. स्पीकर शोकेसवर किंवा दिवाणाच्या पेटीवर ठेवू नका, पेटी स्वतःच बोलू लागते.

तारेसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची, दोन पदरी, बारीक तारांची तांब्याची वायर घ्या. पाच मीटरच्या जाण्यायेण्यात तिचा अडथळा ओहमच्या आठव्या हिश्श्याएवढा होतो, ८ ओहमच्या स्पीकरला त्याने काही बिघडत नाही. महागड्या केबलचे पैसे पडद्यात घाला. लाल टर्मिनल लालला आणि काळं काळ्याला, दोन्हीकडे काटेकोर पाहा. एका स्पीकरची तार उलटी लागणं ही घरोघरी दिसणारी चूक आहे : खालचे स्वर पातळ होतात आणि गायक मध्ये न बसता दोन्ही बाजूंना पसरतो. मोनो रेकॉर्डिंग लावा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून, टीव्हीच्या जागेवरून आला पाहिजे. शंका आली तर ॲम्प्लिफायरकडची तार काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक लाल तारेला लागलं की वूफर बाहेर सरकला पाहिजे, दोन्हीकडे सारखाच.

टीव्हीची ऑप्टिकल तार जोडल्यावर आवाज आला नाही किंवा खरखर आली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर करा. बहुतेक स्टिरिओ ॲम्प्लिफायरना डॉल्बीचा सिग्नल वाचता येत नाही.

सगळं जागेवर बसलं की फोनवरून ४० ते १२० हर्ट्‌झचा हळूहळू चढत जाणारा टोन हलक्या आवाजात वाजवा आणि खुर्चीत बसून कुठे फुगतो, कुठे गळतो ते कागदावर लिहा. याच वेळी शोकेसची काच, खिडकीची जाळी, कूलरचा पत्रा, स्टीलची भांडी, जे काही थरथरत असेल तेही सापडेल. त्याखाली रबर किंवा घडी घातलेला कागद सरकवा. फुगलेला स्वर कमी करायला खुर्ची सहा-सहा इंचांनी पुढे-मागे करून पाहा. त्यानंतरही उरला आणि फोनच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या इक्वलायझरमध्ये सोय असली तर त्या जागी ३ ते ६ डेसिबल कमी करा. गळालेला स्वर मात्र इक्वलायझरने वाढवू नका. तिथे लहरी एकमेकींना खाऊन टाकत असतात, जास्त ताकद दिली तर तीही खाल्ली जाते आणि वूफर विनाकारण ताणला जातो.

वरच्या आवाजासाठी टाळी वाजवून पाहा. मागोमाग कुरकुरीत ‘टर्रर्र’ ऐकू आलं तर उघड्या भिंती आणि फरशी आवाज टोलवत आहेत. खुर्ची आणि स्पीकर यांच्यामध्ये जाड सतरंजी घाला. मग कोणालातरी आरसा घेऊन बाजूच्या भिंतीलगत चालायला सांगा. खुर्चीतून आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथे जाड पडदा किंवा चांगली भरलेली गोधडी टांगा, भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी. कापड भिंतीला चिकटलं की काम अर्धं होतं. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्याने ना घुमणं कमी होतं ना शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज.

नागपुरात कूलरचा विचार केल्याशिवाय ही मांडणी पुरी होत नाही. फुल स्पीडचा कूलर माणसाच्या बोलण्याएवढा गोंगाट करतो आणि आलापीची सुरुवात त्यात बुडते. मग आवाज वाढवत न्यावा लागतो. ऐकायच्या अर्धा तास आधी खोली गार करून घ्या आणि नंतर कूलर कमी स्पीडवर ठेवा. कूलरच्या स्टँडखाली रबर घाला. त्याचा झोत स्पीकरवर किंवा ॲम्प्लिफायरवर थेट पडता कामा नये : ताट्यांमधून आलेल्या ओल्या हवेने एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्शाची) पेटी कोपऱ्यांवर फुगते आणि आरसीएच्या पिना काळ्या पडतात. ॲम्प्लिफायर बंद शोकेसमध्ये ठेवू नका, वर चार इंच आणि बाजूंना दोन इंच मोकळे हवेत. तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्या हॉलची हवाच ४० च्या आसपास असते.

इलेक्ट्रिशियनला एक मोजमाप करायला सांगा : न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. उन्हाळ्यात आपली जमीन खोलवर कोरडी पडते आणि अर्थिंगचा अडथळा वाढतो. सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून आठवड्याला बादलीभर पाणी ओतायला सांगा. लॅपटॉप जोडल्यावर गूं असा आवाज येऊ लागला तर दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावा. तरीही राहिला तर ऑडिओच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की ॲम्प्लिफायरच्या प्लगबरोबर टीव्हीची केबल आणि इंटरनेटची वायरही काढा. तिकडून आलेला झटका टीव्हीतून पुढे सरकू शकतो, आणि स्पाइक गार्ड त्या वाटेवर नसतो.

शेजाऱ्यांबद्दल : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. सबवूफर नसल्यामुळे आणि तुम्ही जवळ बसत असल्यामुळे बराच प्रश्न आधीच सुटतो. रात्री आवाज कमी केल्यावर खालचे स्वर कानाला जास्तच कमी लागतात. ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असेल तर तेव्हा वापरा आणि सकाळी बंद करा. बाबांना शब्द नीट कळत नसतील तर आधी खुर्ची अर्धा फूट स्पीकरकडे सरकवा. वयानुसार वरचे स्वर कानाला कमी ऐकू येतात, तेव्हा गरज वाटली तर ट्रेबल दोन-तीन डेसिबलने वाढवा. पूर्ण आवाज वाढवण्यापेक्षा हे त्यांना आणि तुम्हाला दोघांनाही सोसेल.

तबकड्या वाजवता येतील, पण आधी त्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) आहेत की एलपी (३३ फेऱ्यांच्या), ते पाहा. एलपीसाठी टर्नटेबलला (तबकडी फिरवून वाजवणाऱ्या यंत्राला) साधारण १८ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते, ७८ च्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची. एलपीची सुई ७८ वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि सुईही खराब होते. ७८ चा वेग सगळ्या टर्नटेबलवर नसतो, तो आणि फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) आहे का हे घेताना विचारा. टर्नटेबल स्पीकरच्या स्टँडवर किंवा त्याच फळीवर ठेवायचं नाही. तबकड्या माळ्यावरून आजच उतरवा. स्लॅबखालच्या उन्हाळ्यात आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात. उभ्या ठेवा, थंड खोलीत, आतली कागदी पाकिटं नवी घालून. आणि ७८ च्या जुन्या तबकड्या बहुधा लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख त्यात विरघळते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मधलं लेबल कोरडं ठेवून खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, आणि सुती कापडाने टिपून पंख्याखाली वाळवायचं.